वहिवाट

रोव्हेरेत्ता,
३१ ऑगस्ट १९९७

इवो,

पोस्टवाली काल सांगत होती की माझा दीर परदेशी म्हाताऱ्यांना सायकलींवर बसवून डोंगरातून हिंडवतो. मी म्हटलं, "दीर? मला दीर आहे होय?" बेल्जियमहून परत येऊन दोन वर्षं झाली तुला. एकदा आलास तोही उभ्याउभ्या, आणि कॉफी अर्धी टाकून पळालास. असो, ते भांडण पुन्हा कधीतरी. आज काम आहे म्हणून लिहितेय. फोन मी अजून घेतलेला नाही. तुझा भाऊ सेत्तिमिओ गेल्याची बातमी ज्या फोनवर आली तो त्याच आठवड्यात मी भिंतीतून उपटून काढला होता, ते तुला आठवत असेल.

आन्सेल्मो ब्रुझोने जमीन विकतोय. खालच्या ओढ्यापासून आपल्या अंगणाच्या बांधापर्यंत सगळी. मिलानचा बिल्डर येऊन मोजून गेला. तिथे पोहण्याचे तलाव असलेले बंगले होणार आणि म्हातारा तोरिनोला लेकीकडे जाऊन पतवंडं खेळवणार. त्याला सुखाने जाऊ द्यायचं नाही, एवढंच मला आयुष्यात करायचं राहिलंय.

मी वकिलाकडे जाऊन आले. ब्रुझोनेच्या जमिनीतून आपल्या दाराशी येणारी खेचरांची वाट आहे ना, तिच्यावर आपली वहिवाट आहे. पण वीस वर्षं त्या वाटेने आपल्याकडे कुणीच आलं-गेलं नाही तर वहिवाट बुडते. फाटक त्याने १४ नोव्हेंबर १९७७ ला लावलं. म्हणजे अडीच महिने उरले. बिल्डर तेवढ्यासाठीच थांबलाय. वाट जिवंत राहिली तर तो जमिनीला हात लावणार नाही, कारण ती त्याच्या तलावाच्या मधूनच जाते.

फाटक लावलं म्हणून मी कधी रागावले नव्हते. आपल्याकडे फाटक लावणारा किल्ली शेजाऱ्याला स्वतः आणून देतो, सोबत नव्या तेलाची बाटली देतो, आणि शेजारी कधी तोंडाने मागत नाही. ब्रुझोनेने किल्ली दिली नाही. सेत्तिमिओने मागितली नाही. "आणून देणं त्याचं काम आहे. मी त्याच्या दाराशी जाऊन उभा राहणार नाही," म्हणाला, आणि सायकलला ऑलिव्हची दोन पोती लावून किनाऱ्याच्या मोठ्या रस्त्याने, ती तीन वळणं घेऊन, घाण्यावर जायला लागला. नवव्या दिवशी दुसऱ्या वळणावर ट्रक आला.

तुझी ती सायकलवाली माणसं त्या वाटेने माझ्या अंगणात आण. एकदा आणलीस तरी पुरे, दोनदा आणलीस तर वकील जास्त खूश होईल. मी त्यांना पाव आणि तेल देईन.

डेल्फिना


पोर्तो वेरेझो,
७ सप्टेंबर १९९७

प्रिय वहिनी,

तुझं पत्र आलं. हस्ताक्षर अजून तसंच आहे, कागद फाडणारं.

तुझा राग मला कळत नाही असं नाही. पण जरा विचार कर. ब्रुझोने अठ्ठ्याहत्तर वर्षांचा आहे. जाऊ दे ना त्याला तोरिनोला. तो गेला की तुलाही त्याचं तोंड बघावं लागणार नाही.

शिवाय ती वाट मी ओळखतो. वीस वर्षांत तिथे काटेरी झुडपं माजली असतील, उतारावरच्या दगडी ताली ढासळल्या असतील. माझी माणसं साठी-पासष्टीची. ती शर्यत मारायला येत नाहीत, शांततेसाठी येतात. त्यांना गाडी दिसता कामा नये, गाडीचा आवाजही नको. वरच्या कड्यावरून ती हळूहळू उतरतात, थांबतात, भिंतीवर बसून अंजिरं खातात. ती तीन वळणं सोडली तर समुद्रापर्यंत सगळी वाट मी तशीच शोधून काढली आहे. आणि त्या तीन वळणांपाशी मी त्यांना सायकलींसकट व्हॅनमध्ये घालतो. त्या रस्त्यावर मी कुणालाही सायकल चालवू देत नाही.

दुसरं काही काम असेल तर सांग. छप्पर बघू का?

तुझा,
इवो


रोव्हेरेत्ता,
१२ सप्टेंबर १९९७

इवो,

छपराला काही झालेलं नाही. तुझ्या कण्याला झालंय.

झुडपांची काळजी करू नकोस. आपल्या बाजूने फाटकापर्यंत मी कोयत्याने वाट मोकळी केली आहे. चौपन्न वर्षांची बाई आठ दिवस राबली आणि तू व्हॅनच्या गोष्टी सांगतोस. ताली एके ठिकाणी ढासळल्यात, तिथे उतरून सायकल हातात धरावी लागेल. तुझ्या परदेशी लोकांना तेवढं जमेल.

ब्रुझोने म्हातारा झाला म्हणतोस. सेत्तिमिओ पस्तिशीतच राहिला, त्याला म्हातारं व्हायलाही मिळालं नाही. दर दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, मी कब्रस्तानात जाते. ब्रुझोनेची बायको भिंतीतल्या थडग्यांत आपल्या सेत्तिमिओच्या खालच्याच ओळीत आहे. तिच्यापुढची शेवंती मी भिंतीकडे तोंड करून ठेवते. ब्रुझोने नंतर येतो आणि सरळ करतो. वीस वर्षं आमचं एवढंच बोलणं आहे. चर्चमधून तो बाहेर पडला की मी त्याच्या सावलीवर पाय देऊन पुढे जाते. बायका हसतात, हसू देत.

मला वाटायचं, हा सूड माझ्या एकटीचा नाही. तुझाही भाऊ होता तो. बाप गेल्यावर त्याने तुला वाढवलं, मी तुझे मोजे रफू केले. आणि आता तुला एक फाटक ढकलायचं तर व्हॅन आठवते. बेल्जियमला तुझ्या रक्तातलं मीठ काढून घेतात का रे?

येणार नसशील तर एका ओळीत कळव. म्हणजे मी कुऱ्हाड घेऊन स्वतः जाईन.

डेल्फिना


पोर्तो वेरेझो,
३० सप्टेंबर १९९७

प्रिय वहिनी,

कुऱ्हाड घेऊ नकोस. तू कुलूप तोडलंस तर वकील ब्रुझोनेचा होईल, तुझा नाही.

येतो. रविवारी १२ ऑक्टोबरला हॉलंडच्या सात जणांना घेऊन येईन. सकाळी कड्यावरून निघू, अकराच्या सुमारास तुझ्या अंगणात असू. त्यांना जास्त तेल देऊ नकोस, पुढे चढ आहे.

एक विनंती आहे. फाटकाकडे तू फिरकू नकोस. ते माझ्यावर सोड. मी कसं उघडतो, कधी उघडतो, ते मी बघेन.

इवो


रोव्हेरेत्ता,
१३ ऑक्टोबर १९९७

माझ्या गुणी दिरा,

काल रात्री मी वीस वर्षांत पहिल्यांदा पोटभर जेवले.

पावणेअकराला आधी मला घंट्या ऐकू आल्या. सायकलच्या घंट्या, ऑलिव्हच्या झाडांमधून, आणि दुसरा कसलाच आवाज नाही. मग एकेक माणूस दिसायला लागला. लाल झालेली तोंडं, हातात सायकली, पायांना काटे लागलेले, आणि सगळे असे हसताहेत की जणू त्यांना कुणी बक्षीस दिलंय. ती उंच विलेमीन बाई मला मोडक्या इटालियनमध्ये म्हणाली, "बाई, तीन तास मोटार नाही. एकही नाही. मला रडू आलं." मी म्हटलं, "मलाही." तिला वाटलं, मी सभ्यपणा करतेय.

सातही जणांची नावं, गावं, तारीख, वेळ वहीत लिहून सह्या घेतल्या. वकिलाने सांगितलं होतं तसं. पाव दिला, तेल दिलं, टोमॅटो दिले, एकाने चार वेळा मागून घेतलं. विलेमीन बाईने वाटेत खूप फोटो काढलेत, ते ती पाठवणार आहे. पुरावा म्हणून मी मुद्दाम मागितले.

आणि खालच्या घराच्या खिडकीत कोण उभा होता सांगू? ब्रुझोने. पडदा धरून. मी ब्रेडची सुरी हातात घेऊन त्याला हात केला. पडदा पडला. काय बरं वाटलं म्हणून सांगू!

एकच गोष्ट मनाला लागली. तू वर आला नाहीस. तुझी माणसं म्हणाली, तो फाटकापाशी थांबलाय, कुणाचं तरी चाक बघतोय. सातही सायकली तर माझ्या अंगणात होत्या. कुणाचं चाक बघत होतास?

आणि ते कुलूप कसं उघडलंस, तेही सांग. वकील विचारतोय.

तुझी वहिनी


पोर्तो वेरेझो,
१८ ऑक्टोबर १९९७

प्रिय वहिनी,

माझ्याच सायकलीचं चाक होतं. वर यायचं राहून गेलं, पुढच्या वेळी येईन.

कुलूप गंजून गेलं होतं. एका धक्क्यात हातात आलं. वकिलाला तसंच सांग. फाटक मी ओढून घेतलंय, आता ते नुसतं टेकलेलं आहे.

तू जेवलीस हे वाचून बरं वाटलं.

इवो


रोव्हेरेत्ता,
३ नोव्हेंबर १९९७

इवो,

जिरवली! बिल्डर गेला.

वकिलाने त्याला वहीची नक्कल पाठवली, त्याने उलट टपाली व्यवहार मोडला. पोस्टवालीने मला पत्रपेटीपाशीच सांगितलं. ब्रुझोनेच्या लेकीने तोरिनोची खोली म्हणे दुसऱ्याला देऊन टाकली, जमीन विकल्याशिवाय ती बापाला नेणार नव्हती. आता बसेल म्हातारा इथेच, त्या पडद्यामागे, आणि बघेल माझी वाट कोण कोण चालतं ते.

काल कब्रस्तानात शेवंती भिंतीकडे फिरवली तेव्हा तो माझ्या मागेच उभा होता. हात पुढे करून सरळही केली नाही या वेळी. मी घरी आले आणि गाणं म्हणत भांडी घासली.

आता शेवटचं एक काम उरलंय. विलेमीन बाईचे फोटो आलेत, चोवीस आहेत. अजून पाकीट फोडलं नाही. १४ तारखेला, बरोबर वीस वर्षं होतील त्या दिवशी, मी त्या वाटेने चालत ब्रुझोनेच्या दाराशी जाणार आहे आणि एकेक फोटो त्याच्या टेबलावर मांडणार आहे. त्याच्या तोंडावर म्हणणार आहे, "किल्ली दिली नाहीस ना? बघ." एवढं झालं की मी मेले तरी चालेल.

डेल्फिना


पोर्तो वेरेझो,
६ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

जाऊ नकोस. बिल्डर गेला, तुला हवं ते झालं, आता आणखी काय पाहिजे? पडलेल्या म्हाताऱ्याला लाथ मारणं तुला शोभत नाही.

आणि ते फोटो आधी मला पाठव. मला जाहिरातीच्या पत्रकासाठी हवेतच. पाकीट फोडू नकोस, तसंच पाठव. पोस्टवालीकडे दे, मी खर्च देईन.

हे पत्र मिळाल्याबरोबर पाठव.

इवो


रोव्हेरेत्ता,
१५ नोव्हेंबर १९९७

इवो,

काल मी गेले.

ब्रुझोनेने दार उघडलं आणि खुर्ची पुढे केली. मी बसले नाही. उभ्यानेच फोटो मांडायला लागले. अकराव्या फोटोत तू फाटकापाशी वाकलेला आहेस. बाईने तुला नकळत टिपलंय. तुझ्या हातात किल्ली आहे आणि किल्लीला कॉर्क बांधलाय, बाटलीच्या बुचासारखा.

ब्रुझोनेचे बाप-आजे होडीवाले. पाण्यात पडली तर तरंगावी म्हणून ते प्रत्येक किल्लीला कॉर्क बांधतात. गावात दुसरं कुणी बांधत नाही. त्याच्या दारामागे खिळ्यावर तशाच चार लटकत होत्या.

म्हाताऱ्याने फोटो खिडकीपाशी नेला, चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "हीच ती. फाटक लावलं त्याच दिवशी मी ही तुझ्या दिराच्या हातात दिली. माझी पाठ धरली होती, चढ चढवेना. म्हटलं, भावाला दे, तेल मागाहून आणतो. मग तुम्ही कुणी वाटेने येईनात. मला वाटलं, स्वतः नाही आलो म्हणून सेत्तिमिओला अपमान वाटला. मीही ताठ. परत सांगायला गेलो नाही. स्वतः जायला हवं होतं मी. वीस वर्षं तेच डोक्यात आहे."

मला एकच सांग. खरं बोलतोय का तो?

डेल्फिना


पोर्तो वेरेझो,
१९ नोव्हेंबर १९९७

वहिनी,

खरं बोलतोय.

त्या ऑक्टोबरात माझी शर्यत होती, आठवतं? तेवीस वर्षांचा होतो. सगळे म्हणत होते, या वर्षी नोव्हारोचा धाकटाच जिंकणार. आदल्या रात्री सेत्तिमिओने माझ्या सायकलची दोन्ही चाकं काढून कोठीला कुलूप लावलं. म्हणाला, "आधी ऑलिव्हखाली जाळ्या पसर. शर्यती श्रीमंतांच्या पोरांसाठी असतात." रविवारभर मी जाळ्या पसरत होतो आणि खालून गावातल्या भोंग्यावर जिंकणाऱ्याचं नाव ऐकू आलं. ज्याला मी तीनदा हरवलं होतं त्याचं नाव होतं.

महिन्याने ब्रुझोनेने किल्ली माझ्या हातात ठेवली. मी ती खिशात घातली आणि मनात म्हटलं, आता कुलूप माझ्याकडे आहे. आठ दिवस चालू दे त्याला मोठ्या रस्त्याने. पोती ओढू दे. आठ दिवसांनी टेबलावर किल्ली टाकेन आणि म्हणेन, आता कळलं का कसं वाटतं ते. आठच दिवस, वहिनी. आठव्या दिवशी रात्री तो दमून आला, तू त्याचे पाय गरम पाण्यात ठेवलेस, आणि त्याने मला विचारलं, "तुझी ती चाकं परत लावून देऊ का?" मला इतकी लाज वाटली की किल्ली तेव्हा काढताच आली नाही. म्हटलं, सकाळी देईन. सकाळी मी उठायच्या आत तो गेला होता.

मी बेल्जियमला पळालो. वीस वर्षं किल्ली टाकून द्यायचा प्रयत्न केला. दोनदा नदीत टाकली, कॉर्कमुळे तरंगत राहिली, मीच पाण्यात उतरून परत काढली. परत आल्यावर हा धंदा काढला. गाडीच दिसणार नाही अशा वाटांनी लोकांना नेतो. लोक म्हणतात, किती काळजी घेता.

फाटक त्या किल्लीने उघडलं तेव्हा ती अलगद फिरली. म्हातारा दर वर्षी कुलपाला तेल घालत असणार.

तू म्हणशील ते मी करेन. काहीही सांग.

इवो


रोव्हेरेत्ता,
२३ नोव्हेंबर १९९७

श्री. इवो नोव्हारो यांस,

तुमचं पत्र मिळालं. यापुढे मी तुम्हाला असंच लिहीन, परक्या माणसाला लिहितात तसं.

आज त्याला जाऊन वीस वर्षं झाली. सकाळी कब्रस्तानात गेले आणि ब्रुझोनेच्या बायकोची शेवंती माझ्या हाताने सरळ केली. त्या बिचारीने माझं काय घेतलं होतं? ब्रुझोने काठी टेकत आला. त्याने कोटातून नव्या तेलाची बाटली काढून माझ्या हातात ठेवली. मी घेतली. त्याची लेक त्याला नेणार नाही, आणि ते माझ्यामुळे. ते पाप माझं आहे. रोज दुपारी मी त्या वाटेने त्याला सूप नेऊन देते. माझं मी फेडीन.

आता तुमचं. मी वकिलाला विचारलं, किल्ली न देण्याला शिक्षा काय? तो म्हणाला, कायद्यात नाही. म्हणून ती मीच ठरवली आहे. तुम्ही लिहिलंत, काहीही सांग. मग ऐका.

वहिवाट माझ्या घराची आहे. त्या वाटेने यायचं ते माझा पाहुणा म्हणूनच, आणि माझा पाहुणा कोण ते मी ठरवते. तुमचे हॉलंडचे, जर्मनीचे, कुठलेही लोक खुशाल येऊ देत. त्यांनी माझं काही बिघडवलेलं नाही. फाटक ब्रुझोने उघडून देईल, त्याने तसं कबूल केलंय, आणि पाव-तेल मी देईन. ते घंट्या वाजवत, झाडांतून, गाडीचा आवाज न ऐकता येतील. तुम्ही त्यांना फाटकापर्यंत आणायचं. मग तिथून एकट्याने सायकल वळवायची आणि मोठ्या रस्त्याने, ती तीन वळणं घेऊन, पलीकडे जाऊन त्यांची वाट बघायची. व्हॅन नाही. पायी नाही. सायकलवर, त्याच्यासारखं. दर खेपेला. मी बांधावरून बघत राहीन, तिथून दुसरं वळण नीट दिसतं.

ट्रक येवो किंवा न येवो, मी कुठल्याच बाजूने प्रार्थना करणार नाही.

तुम्ही त्याला आठ दिवस ठरवले होते. मी तुम्हाला वीस वर्षं ठरवली आहेत. फोटोतली ती किल्ली पोस्टाने ब्रुझोनेला परत पाठवा. त्याने मला दुसरी करून दिली आहे, नव्या कॉर्कची. ती माझ्या ॲप्रनच्या खिशात आहे.

२३ नोव्हेंबर २०१७ ला मी चौऱ्याहत्तर वर्षांची असेन. तोवर तुम्ही जिवंत असलात तर किल्ली मागायला येऊ नका, आपल्याकडे मागत नाहीत. मी चालत येऊन तुमच्या हातात देईन. दुसऱ्या कुणाबरोबर पाठवणार नाही.

डेल्फिना नोव्हारो,
सेत्तिमिओची बायको